एकोणीस मिलिमीटर

स्वतःच्या आत डोकावून पाहण्याची ओढ, हीच मानवी संस्कृतीची खरी जननी आहे.

हे वाक्य श्रेणिकराव मगदूम यांचं. सांगलीच्या प्रभाग आरोग्य केंद्रात 'आरपार' गादीचं उद्घाटन झालं तेव्हा त्यांनी ते माइकवरून म्हटलं आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांनी माना डोलावल्या. हेच वाक्य त्यांनी त्याआधी एका बोअरवेलच्या उद्घाटनाला वापरलं होतं. तिथं पाणी लागलं नव्हतं.

श्रेणिकराव पाटबंधारे खात्यात होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते निवेदक म्हणून. लग्नाचे स्वागत समारंभ, सत्कार, रक्तदान शिबिरं, श्रद्धांजली सभा, सगळीकडं त्यांचा आवाज. अवयवदान सप्ताहात तर त्यांच्याशिवाय माइक सुरूच होत नसे. 'जाताना काय घेऊन जाणार आहोत?' असं ते खर्जात विचारत, आणि पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत.

गादीचं तंत्र मात्र खरोखर सुंदर होतं. ऐकू न येणारा बारीक आवाज शरीरात सोडायचा आणि परत येणारे प्रतिध्वनी टिपून आतलं चित्र काढायचं, ही सोनोग्राफी जुनीच. तिची अडचण हवेची. हवेतून शरीराकडं निघालेला आवाज कातडीवर आपटून मागे फिरतो, म्हणून पोटाला ती गार चिकट जेली लावायची, आणि चित्र किती चांगलं निघेल ते यंत्र फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून. नव्या संशोधकांनी माणसालाच पाण्याच्या गादीवर झोपवलं. शरीर बहुतेक पाण्याचंच, त्यामुळं गादीतून निघालेल्या आवाजाला आपण माणसात कधी शिरलो हे कळतच नाही. गादीच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे हजारो स्फटिक. ते आवाज सोडतात आणि तेच ऐकतात. उरलेलं संगणक बघतो. कपड्यांसकट झोपायचं, श्वास दोनदा रोखायचा, उठायचं. किरण नाहीत, सुई नाही, फुकट.

गादीला सगळं दिसायचं. यकृतातला मुगाएवढा फुगा, गळ्यातली राईएवढी गाठ, कुणाच्या पित्ताशयातला निरुपद्रवी खडा. दिसणं वेगळं आणि बिघडणं वेगळं, हा फरक डॉक्टरांना माहीत होता; नियम करणाऱ्यांना तो फार बारीक वाटला. त्यामुळं गादीला जे दिसेल त्याची 'नोंद' होऊ लागली. दोनेक वर्षांत चाळिशीपुढचा नोंद नसलेला माणूस शोधून सापडेना. लग्नाच्या माहितीपत्रकात गोत्राच्या जागी 'शून्य नोंद' असं छापू लागले, आणि ते बहुधा खोटं असे. पुढं असाही नियम आला की जिवंतपणी अवयव देणारा माणूस शून्य नोंदीचाच हवा. हेतू दात्याला जपण्याचा होता. दाते इतके जपले गेले की संपले.

नेमक्या त्याच वर्षी श्रेणिकरावांच्या थोरल्या बहिणीच्या, त्रिशलाअक्काच्या, दोन्ही किडन्या थकल्या.

अक्का मिरजेत राहायची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दाजींना मधुमेह, मूलबाळ नाही, मृतांच्या किडनीसाठीची रांग नावाला सरकणारी. डुकराची किडनी माणसाला बसवण्याची सोय तोवर पुण्यात झाली होती. अक्काने ती एका वाक्यात निकालात काढली. "जन्मभर कांदा सोडला, बटाटा सोडला, आणि आता आख्खं डुकर आत घेऊ व्हय?"

राहिला भाऊ. रक्तगट एकच.

भाऊबीजेला अक्काने ओवाळलं. दाजींच्या भाचेसुनेने सवयीने मोबाइल समोर धरला होता. श्रेणिकरावांनी दरवर्षीप्रमाणे ताटात साडी ठेवली नाही. रिकामा हात ताटावर धरला, श्वास घेतला आणि म्हणाले, "अक्का, यंदा ओवाळणीत साडी नाही. माझी एक किडनी."

दाजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. अक्का म्हणाली, "ताटाला धक्का लावू नकोस, निरांजन पडंल."

तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. श्रेणिकराव खोटं बोलले होते असं मात्र कुणी म्हणू नये. ज्या क्षणी ते बोलले त्या क्षणी त्यांची किडनी खरोखरच बहिणीची झाली होती. अडचण पुढच्या क्षणापासून सुरू झाली. रात्री जेवण जाईना. आंघोळ करताना हात आपोआप कुशीवर जाऊ लागला आणि तिथली कातडी फार पातळ आहे असं वाटू लागलं. बायको राजमती म्हणाली, "भीती वाटत असंल तर सांगा की अक्कांना. त्या काय खाणार नाहीत तुम्हाला." त्यावर श्रेणिकराव म्हणाले, "भीती? मला?" आणि ती जणू दुसऱ्या कुणाच्या घरातली वस्तू असल्यासारखं हसले.

दाता म्हणून पहिली पायरी गादीची. ते झोपले, श्वास रोखला, उठले. आठवड्याने डॉक्टर मुजावर यांनी बोलावलं. शबाना मुजावर या अक्कावर उपचार करणाऱ्या डॉक्टर. कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर सरळ.

"डाव्या किडनीत गाठ आहे. एकोणीस मिलिमीटर."

श्रेणिकरावांच्या कानात एकदम माइकची शिट्टी वाजल्यासारखं झालं.

"घाबरू नका. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. थोडी चरबी, थोडा स्नायू, थोड्या रक्तवाहिन्या. शिंप्याकडच्या चिंध्यांची चुंबळ व्हावी तशी. चरबी आवाज जोरात परत पाठवते, त्यामुळं गादीला लख्ख दिसते. शंकाच नाही."

"लक्षणं काय असतात हिची?"

"एवढ्याशा गाठीची? काही नाहीत."

"काहीच नाहीत?" त्यांच्या आवाजात थोडा अपमान होता.

"चारपाच सेंटिमीटरची झाली तर कधी कुशीत दुखतं, लघवीतून रक्त जातं, रक्तदाब चढतो. क्वचित फुटून आत रक्तस्राव होतो. तुमची दोनसुद्धा नाही. गादीवर झोपला नसता तर नव्वदीत गेला असता आणि हिचा पत्ताही लागला नसता."

यातलं शेवटचं वाक्य श्रेणिकरावांनी ऐकलं नाही. कुशीत, लघवीत, रक्तदाब, एवढं नीट ऐकलं.

डॉक्टर पुढं म्हणाल्या, "आता ऐका. शून्य नोंदीच्या नियमात तुम्ही बसत नाही. पण त्याला एक अपवाद आहे. किडनी बाहेर काढल्यावर, बर्फात ठेवून, गाठ कापून काढतात, टाके घालतात आणि मग ती बसवतात. पद्धत नवी नाही, किडनी चांगली चालते. तुम्हाला उरलेली एक पुरते. पण हे दात्यानं स्वतःहून मागायला लागतं. मी आग्रह करायचा नाही असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. तुम्ही नको म्हणालात तर घरच्यांना मी एवढंच सांगीन की दाता योग्य नाही. का, ते कुणाला सांगणार नाही."

श्रेणिकराव गंभीर झाले. "विचार करून सांगतो," म्हणाले.

विचार जिना उतरेपर्यंत झाला होता. खाली रसवंतीवाल्याकडं उभं राहून त्यांनी दोन ग्लास रस प्यायला. कित्येक दिवसांनी घशाखाली काही गोड उतरत होतं. सुटका इतकी मोठी होती की तिला दुःखाचा चेहरा द्यायला त्यांना घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही. कोपऱ्यावर थांबावं लागलं.

"काय म्हणाल्या?" राजमतीने दार उघडताच विचारलं.

"नाही म्हणाल्या. गाठ आहे मला."

अक्काला फोन त्यांनी स्वतः केला. योग्य ठिकाणी थांबत सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. आपली शेवटची आशा गेली, हे अक्काला त्या थोड्या वेळात कळलं असणार. पण ती जे बोलली ते भलतंच होतं.

"गाठ? अरे देवा. श्रेण्या, तुला काय त्रास होतोय का रे?"

श्रेणिकरावांना काहीच त्रास होत नव्हता. पण इतक्या कळवळ्याने विचारणाऱ्या बहिणीला 'काही नाही' असं सांगणं त्यांना फार कोरडं वाटलं.

"तसं… कुशीत जरा दुखालंय."

पहिलं लक्षण असं फोनवर जन्माला आलं.

मग ते वाढलं. लोक भेटायला येऊ लागले. भेटायला आलेल्या माणसासमोर आजाऱ्याने ताठ बसणं हे शहाळ्याचा अपमान करण्यासारखं. म्हणून श्रेणिकराव जरा कलून बसू लागले. कलून बसल्याने पाठ खरंच भरून यायची, आणि मग कण्हणं खोटं राहत नसे. रक्तदाब तपासला तर तोही चढलेला निघाला. खोटं सांभाळणाऱ्याचा चढतोच, पण गोळी मिळाली, आणि गोळीमुळं आजाराला घरात जागा मिळाली. प्रत्येक पाहुणा आपल्या ओळखीतल्या एखाद्या गाठवाल्याचं मरण रंगवून सांगायचा आणि जाताना 'तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका' म्हणायचा. मिरजेला अक्काकडं जाणारी माणसं कमी झाली. डायलिसिस दर आठवड्याला तेच ते. गाठीत काही तरी घडण्याची शक्यता होती.

एकदा चुलतसासरे आले असताना श्रेणिकरावांनी उठताना कुशीला हात लावला आणि डोळे मिटले. पाहुणे गेल्यावर राजमती कपबश्या गोळा करत म्हणाली, "अहो, डावी ना तुमची?"

"म्हणजे?"

"हात उजवीकडं होता."

"दुखणं फिरतं. डॉक्टर म्हणाल्यात."

"फिरू दे की," राजमती म्हणाली. "कार्यक्रमाच्या दिवशी कुठं जातंय तेवढं विचारा त्यांना." त्या दिवसापासून तिने शहाळी फोडून द्यायचं बंद केलं. "कोयता तिथं हाय," एवढंच म्हणायची.

कार्यक्रम वाढले होते, ही गोष्ट खरी. 'व्याधीशी झुंज देत माइक हाती धरणारे' असं त्यांच्याविषयी छापून आलं. अवयवदान सप्ताहात त्यांचाच सत्कार झाला. शाल पांघरून ते म्हणाले, "द्यायची इच्छा असून देता न येणं, यासारखं दारिद्र्य नाही." सभागृह हललं. मिरजेत अक्काने तो व्हिडिओ पाहिला असावा; तिचा फोन आला नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं, आणि क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी जैन माणूस ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागतो. पूर्वी घरोघर जाऊन, हात जोडून मागायचे. आता एक कमळाचं चित्र आणि त्याखाली 'वर्षभरात कळत नकळत आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा' असा मजकूर सगळ्यांना एका बोटाने जातो. श्रेणिकरावांनी तो सात-आठशे जणांना पाठवला. उत्तरादाखल तितकीच कमळं आली. अक्काचं कमळ आलं नाही. तिने दोन शब्दांत काम भागवलं होतं.

'नकळतचं केलं.'

श्रेणिकरावांनी ते तीनदा वाचलं. अक्काला चष्मा बदलायला झालाय, अर्धं वाक्य राहिलं असेल, असं त्यांनी राजमतीला सांगितलं. राजमतीने मोबाइल घेतला, वाचलं, परत दिला.

"दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. उद्या अक्कांना दवाखान्यात न्यायला कोण नाही. तुम्ही जावा. वर्षात एकदा तरी."

डायलिसिसच्या खोलीत ते पहिल्यांदाच शिरत होते. आजवर जंतुसंसर्गाचं कारण पुरलं होतं. ओळीने खाटा, प्रत्येकीशेजारी यंत्र, यंत्रावर फिरणारं चाक. अक्काच्या दंडावर शीर दोरखंडासारखी फुगली होती. दोन जाड सुया शिरल्या, नळ्या लाल झाल्या. श्रेणिकराव पांढरे पडले.

"तिकडं बघू नकोस," अक्का म्हणाली. "तुला लहानपणापासनं चक्कर येत्या. खिडकीकडं तोंड करून बस."

ते खिडकीकडं तोंड करून बसले. काही तरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"फर्स्टक्लास. तुझी गाठ काय म्हणत्या?"

"आहे आपली. रात्री जरा जास्त…"

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. तोंडावर मास्क, हातात पेढ्यांचा पुडा. कवठेमहांकाळच्या ऐवळेबाई. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत त्या शेजारच्याच खाटेवर असायच्या. किडनी बसून नीट चालू लागली की जुन्या सोबत्यांना पेढे द्यायला यायचं, ही त्या खोलीची रीत होती. पेढे खायची बहुतेकांना परवानगी नसे, पण घ्यायचे सगळे.

"त्रिशलाबाई, घ्या वो! परवा गावात जत्रंला गेलते. चालत!"

"बस की गं. दीर कसा हाय?"

"हाय की धडधाकट! ऊस तोडाय जायाला लागलाय." ऐवळेबाई श्रेणिकरावांकडं वळल्या. "माज्या दिरानं दिली बगा मला. त्येच्या पण गाठ निगाली हुती गादीवर, हरभऱ्याएवढी. आमी म्हटलं झालं, संपलं. तर मुजावरबाई म्हणाल्या, त्येची इच्छा असंल तर गाठ काढून बसवता येत्या. त्यो म्हणला, गाठ बी घ्या आन् किडनी बी घ्या, वयनी घरला आली पायजे." त्या खळखळून हसल्या. "तुमी कोण वो? यांचं भाऊ व्हय? व्हिडिओतलं? तुमाला पण गाठच हाय न्हवं? मग तुमी विचारलं न्हाई का बाईंना?"

यंत्राचं चाक फिरत होतं. अक्काने हातावरचा पेढा श्रेणिकरावांच्या पुढं केला.

"मला दूध चालत नाही. तू खा."

त्यांनी खाल्ला. ऐवळेबाई पुढच्या खाटेकडं गेल्या.

"अक्का," ते हळू म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"तिनं ऑपरेशनला जायच्या आधीच सांगितलेलं. मी म्हटलं, चला, आता श्रेणिक येईल. त्याला सांगायचं राहिलं असेल बाईंचं. मग म्हटलं, मुजावरबाई काय सांगायचं ठेवणाऱ्यातल्या नाहीत. मग म्हटलं, असू दे, वाट बघू."

"मी भ्यालो गं."

"मग भ्यालो म्हणायचं होतंस की! भ्यायला काय झालं? मी पण भिते, आठवड्यातनं तीनदा. तुझी किडनी तुझी आहे, तिच्यावर माझा काय सातबारा आहे?" अक्काचा आवाज चढला नव्हता, चढवायला तिच्यात ताकद नव्हती. "पण तू दुखतंय म्हणालास. हे कळेपर्यंत सहा महिने मी णमोकाराची एक माळ तुझ्या गाठीसाठी ओढली. एकच ओढायचा दम होता. माझ्या नावची नाही ओढली रे."

श्रेणिकरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाक्य सापडलं नाही. ते उठले आणि त्याच मजल्यावरच्या डॉक्टर मुजावर यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "मला द्यायची आहे," म्हणाले. "आजच काय ते रक्त घ्या."

रक्त घेतलं गेलं. दोघांचं रक्त जुळतंय का ते बघायचं होतं. ते जुळलं की पुढचं सगळं. ते घरी आले आणि राजमतीला खरं सांगितलं, रसवंतीपासून सगळं. तिने मान हलवली आणि चहा टाकला, पूर्वीसारखा आलं घालून. त्या रात्री कुशीत काही दुखलं नाही. भीती होतीच, पण तिच्यासोबत झोप लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच, ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना अक्काला काय म्हणायचं, याची जुळवाजुळव त्यांच्या मनात सुरू झाली. या वेळी व्हिडिओ अजिबात नको, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळपर्यंत, अगदीच कुणी काढला तर अडवायचं कशाला, इथवर ते आले होते.

डॉक्टरांनी बोलावलं.

"जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"रक्तगट तर एकच आहे आमचा."

"रक्तगट जुळतो. पण अक्कांच्या रक्तात तुमच्या पेशींना मारणारी प्रतिद्रव्यं आहेत. तुमच्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात टाकल्या आणि त्या मेल्या. किडनी बसवली तर टेबलावरच काळी पडेल. औषधांनी उतरवण्यापलीकडचं प्रमाण आहे."

श्रेणिकरावांनी विचारलं, "वर्षभरात तिला बाहेरचं रक्त चढवलं, त्यामुळं झालं का हे? म्हणजे… मी उशीर केला म्हणून?" याचं उत्तर 'हो' यावं की 'नाही', यातलं त्यांना काय हवं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तसं होऊ शकतं. म्हणून अक्कांचा गेल्या दिवाळीतला गोठवून ठेवलेला नमुनाही काढला. तेव्हाही जुळत नव्हतं."

"म्हणजे तेव्हा मी हो म्हणालो असतो तरी…"

"तरी बसवता आली नसती."

"अक्काला सांगितलंत?"

"सकाळीच."

"काय म्हणाली?"

डॉक्टरांनी सवयीप्रमाणे सरळ सांगून टाकलं. "म्हणाल्या, त्याला सांगा, आता दुखायचं थांबेल."

श्रेणिकराव दारापर्यंत गेले आणि परत वळले. मग म्हणाले, "हे रक्त गेल्या वर्षीच तपासणीला का नाही लावलंत?"

"नियमात गादी आधी आहे. गादीवर नोंद निघाली की रक्त लावत नाहीत."

"फार खर्चाची असते का तपासणी?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चार तासांत होते."